उळवीला कोण जाणार? वाचा-श्रवण तज्ज्ञांचं वाढतं काम आणि मागे पडलेलं शिक्षण

माघात उळवीला चन्नबसवेश्वराची जत्रा भरते तेव्हा धारवाड-बेळगावकडून सजवलेल्या बैलगाड्या रानातल्या रस्त्याने येतात आणि गाव माणसांनी फुलून जातं. जत्रा संपली की उळवी पुन्हा कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या इतर गावांसारखं होतं. व्याघ्र प्रकल्पाचं दाट रान, लांब लांब वाड्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. जोयडा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. 2011 च्या जनगणनेत सगळ्या तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. कुणबी, गवळी, सिद्दी, मराठा अशी वस्ती, घरात कोंकणी नाहीतर मराठी आणि शाळेत कन्नड. अशा ठिकाणी एखादं मूल जन्मापासून कमी ऐकत असेल तर ते कोणाच्या, कधी लक्षात येणार? लक्षात आल्यावर नेणार कुठे? जिल्ह्याचं ठिकाण कारवार घाटाखाली. हुबळीचं सरकारी रुग्णालय आणि धारवाडची जेएसएस वाचा-श्रवण संस्था दुसऱ्या दिशेला. कुठेही गेलं तरी दिवस मोडतो, आणि एका दिवसात काम संपत नाही. वाचा-श्रवण उपचाराच्या पेशाने गेल्या साठ वर्षांत काय कमावलं आणि काय राहून गेलं, हे बघायला उळवीइतकी चांगली जागा नाही असं मला वाटतं.

हा पेशा आपल्याकडे उशिरा आला. अमेरिकेत 1925 मध्ये वाचा-उपचार करणाऱ्यांची संघटना उभी राहिली होती. दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या आवाजाने बहिरे झालेले सैनिक घरी परतले, त्यांच्या पुनर्वसनातून श्रवणशास्त्र आकाराला आलं. रेमंड कारहार्ट यांचं नाव त्या संदर्भात सगळीकडे घेतलं जातं. भारतात या दोन्ही शाखा एकत्रच उतरल्या. म्हैसूरला 1965 मध्ये अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था सुरू झाली, म्हणजे ज्या संस्थेला पेशातली माणसं नुसतं ‘आयिश’ म्हणतात ती. तिच्या मागे अमेरिकेतल्या विचिटा इथल्या मार्टिन पामर यांचा सल्ला होता. मुंबईत नायर रुग्णालयाच्या आवारात 1966 मध्ये ऑडिऑलॉजी आणि स्पीच थेरपीचं विद्यालय उघडलं आणि पदवीचं शिक्षण सुरू झालं. म्हैसूरने आधी एम.एस्सी. काढलं आणि बी.एस्सी. नंतर, कारण शिकवायलाच माणसं नव्हती. 1983 मध्ये वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. पुढे पुण्यात भारती विद्यापीठासारख्या ठिकाणीही हे शिक्षण मिळू लागलं. मराठी मुलांना आता म्हैसूरलाच जावं लागत नाही.

सुरुवातीच्या काळातल्या तज्ज्ञाचं काम डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. चार-पाच वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आई-वडील घेऊन यायचे. ‘जीभ जड आहे’, ‘याचा मामाही उशिरा बोलला’, ‘नवस केलाय’ अशी कारणं सांगून झालेली असायची. तज्ज्ञ आवाजबंद खोलीत मुलाला बसवून ऑडिओमीटरवर ऐकू येण्याची पातळी काढायचा, खिशात ठेवायचं डबीसारखं श्रवणयंत्र आणि त्याच्या वायरी छातीवर बांधायचा आणि मूकबधिर विद्यालयाचा पत्ता द्यायचा. बाकी काम तोतरेपणाचं, बोबडेपणाचं, फाटलेल्या टाळूचं. तेवढ्यात पेशा भागायचा.

आज तोच पेशा माणसाच्या जन्मापासून शेवटच्या आजारपणापर्यंत पसरला आहे. नुकतंच दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी घालतात, बारीक आवाज सोडतात आणि कानातल्या शंखाकृती भागातून उलटून येणारा प्रतिध्वनी यंत्र टिपतं. बाळाला काही सांगावं लागत नाही. तिथे शंका आली तर मेंदूपर्यंत जाणाऱ्या संवेदनेची तपासणी, ज्याला सगळे ‘बेरा’ म्हणतात. जगभरचा दंडक असा: एका महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत यंत्र आणि उपचार. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या मुलांवर 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की सहा महिन्यांच्या आत ज्यांचं बहिरेपण कळलं, त्यांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा कितीतरी पुढे गेली. तेव्हापासून या पेशाचं घड्याळच बदललं. पूर्वी चार वर्षांचं मूल ‘लवकर आणलं’ असं वाटायचं. आता एक वर्षाचं मूलसुद्धा उशिरा आलेलं असतं.

दुसरं टोक म्हाताऱ्यांचं. पक्षाघातानंतर वाचा गेलेला माणूस, पार्किन्सनने आवाज पुसट झालेला, तंबाखू-गुटख्याच्या कर्करोगात जीभ किंवा स्वरयंत्र काढावं लागलेला. स्वरयंत्र गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणं हे टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी वाचातज्ज्ञांचं रोजचं काम आहे. बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी अगदी कमी पैशांत मिळणारं स्वर-उपकरण तयार केलं, त्यामुळे परदेशी उपकरण न परवडणाऱ्यांनाही वाट मिळाली. गिळण्याचे त्रास तर पूर्वी या पेशात मोडतच नव्हते. आता अतिदक्षता विभागात नळी काढायची की नाही, पेज पाजायची तर किती दाट, हे ठरवताना वाचातज्ज्ञाला बोलावतात. शहरातल्या खाजगी दवाखान्यांत बराच वेळ स्वमग्न मुलांकडे जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यांत श्रवणदोष, वाचा-भाषा दोष आणि स्वमग्नता तिन्ही आहेत. प्रमाणपत्र देतानाही याच माणसाची गरज पडते.

एवढं काम वाढलं, मग माणसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगात 43 कोटी लोकांना ऐकण्याच्या अडचणीवर उपचाराची गरज आहे आणि गरीब देशांपैकी 93 टक्के देशांत दहा लाख लोकांमागे एकही श्रवणतज्ज्ञ पुरता नाही. आपल्या 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असणारे सुमारे 50 लाख आणि वाचादोष असणारे सुमारे 20 लाख नोंदले गेले. घरोघरच्या मोजणीत सौम्य बहिरेपण सहसा सांगितलं जात नाही, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच. इतक्यांसाठी जी थोडी माणसं तयार होतात, त्यांतली बरीचशी महानगरांत राहतात आणि म्हैसूर-मुंबईच्या पहिल्या पिढ्यांतले कितीतरी जण अमेरिकेला गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तालुक्याला नोकरीच नसेल तर माणूस तिथे राहणार कसा?

नोकरी का नाही, याचं एक कारण कारभाराच्या रचनेत आहे. या पेशाच्या बहुतेक अभ्यासक्रमांना मान्यता आणि पदवीधरांना नोंदणी क्रमांक देते ती भारतीय पुनर्वास परिषद. तिचा कायदा 1992 चा आणि ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत. म्हैसूरची संस्था मात्र आरोग्य मंत्रालयाची. रुग्ण येतात ते आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत. तज्ज्ञ घडतो दिव्यांगांच्या खात्याच्या नियमाने. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही आपल्याकडची म्हण इथे तंतोतंत बसते. रुग्णालयाच्या लेखी हा ‘तंत्रज्ञ’, दिव्यांग खात्याच्या लेखी हा ‘पुनर्वसन व्यावसायिक’, आणि दोन्हीकडे कायम पद कमीच. 2006-07 मध्ये 25 जिल्ह्यांत सुरू झालेल्या राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध कार्यक्रमाने जिल्हा पातळीवर माणसं नेमायची सोय केली, पण मुख्यतः कंत्राटावर. 2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यात गावोगावी फिरणारी पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात आणि शंका आलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. त्या केंद्राच्या आराखड्यात श्रवण-वाचातज्ज्ञाचं पद आहे. कागदावरची ही साखळी उत्तम आहे. उळवीच्या बाजूने बघितलं तर तिचा शेवटचा दुवा कारवारला आहे, आणि तिथपर्यंत एकदा जाऊन भागत नाही.

पुन्हा पुन्हा का जावं लागतं, ते सांगतो. तान्ह्या बाळाचा कान वाढत असतो. श्रवणयंत्राचा आवाज कानात नेणारा जो साचा असतो, तो कानाचं माप घेऊन बनवतात. काही महिन्यांत कान मोठा झाला की साचा सैल होतो, आवाज बाहेर गळतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं. ते काढून ठेवतात. पहिल्या वर्षात साचा अनेकदा नवा करावा लागतो. त्यात जून ते सप्टेंबरचा घाटातला पाऊस. यंत्राला दमट हवेचं वावडं, साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब जमतात आणि आवाज बंद होतो. रात्री यंत्र काढून, सेल बाहेर करून, सिलिका जेलच्या खड्यांच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं, खड्यांचा रंग पालटला की ते बदलायचे, नळीतलं पाणी छोट्या फुंकणीने उडवायचं. चुलीच्या उबेला ठेवलं तर प्लास्टिक वाकतं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं श्रवण-उपकरण, असलेल्या मुलाच्या बाह्य यंत्राचंही तेच. 2014 पासून दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदत मिळू लागली. केरळने 2012 मध्येच आपली श्रुतितरंगम योजना काढली होती. शस्त्रक्रियेला पैसे मिळाले हे मोठंच झालं. पण शस्त्रक्रियेनंतर यंत्र चालू करायचं, त्याच्या पातळ्या पुन्हा पुन्हा जुळवायच्या आणि एक-दोन वर्षं मुलाला ऐकायला शिकवायचं, ही सगळी शिकवणी तज्ज्ञाची आणि आईची. कापलेली वायर किंवा संपलेला सेल यामुळे महिना-महिना बंद पडलेलं इम्प्लांट म्हणजे मुलाच्या भाषेतला महिना गेला.

म्हणून शिबिरांबद्दल माझं मत कडक आहे. एका दिवसात शे-दोनशे जणांना यंत्रं वाटायची, फोटो काढायचे आणि निघायचं, यातून फडताळात पडलेल्या यंत्रांपलीकडे फार काही उरत नाही. ज्याला यंत्र मिळालं त्याला पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी, पावसाळ्याआधी आणि नंतर कोण भेटणार, हे ठरल्याशिवाय यंत्र देऊ नये.

ही भेट प्रत्येक वेळी पदवीधरानेच घ्यायला हवी असं नाही, आणि या पेशातला सगळ्यात महत्त्वाचा वाद इथेच आहे. एक वर्षाचा श्रवण-भाषा-वाचा पदविका अभ्यासक्रम सहायक तयार करतो. म्हैसूरच्या संस्थेने तो दूरदृश्य वर्गांनी देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांत चालवला आहे. पदवीधरांच्या संघटनांमध्ये भीती अशी की सहायक दवाखाने थाटतील, दुकानदार त्यांच्या नावावर यंत्रं विकतील. भीती खोटी नाही. यंत्र विकणाराच ऑडिओग्राम काढतो अशी दुकानं गावोगावी आहेत. पण त्या भीतीवरचा उपाय सहायकाला दूर ठेवणं नव्हे. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने ग्रामीण तमिळनाडूत गावच्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून बाळांची पहिली चाळणी करवली आणि बेराची तपासणी फिरत्या गाडीतून, शहरातला तज्ज्ञ दूरवरून बघत असताना केली. 2017 मध्ये आलेलं ‘सोहम’ हे बाळांच्या चाळणीचं देशी यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरता यावं म्हणूनच बनवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्राथमिक कान-काळजीचं प्रशिक्षण पुस्तक नव्याने काढलं, तेही डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांसाठी. चाळणी, यंत्राची निगा, आईची शिकवणी हे सहायकाकडे. निदान, यंत्राची निवड आणि जुळवणी, गिळण्याचे धोके हे पदवीधराकडे. रेषा इतकी स्वच्छ आखता येते. आखायची इच्छा हवी, आणि सहायकाला आरोग्य खात्यात पद हवं.

आईच्या हाती किती देता येतं याचं एक उदाहरण. डॅनिएल लिंग या शिक्षकाने सहा आवाजांची एक साधी तपासणी रूढ केली: आ, ऊ, ई, म, श, स. मूल पाठमोरं खेळत असताना आई तोंड हाताने किंवा कागदाने झाकून, ओठ न दिसू देता, एकेक आवाज नेहमीच्या सुरात काढते. मूल वळतं, किंवा मोठं असेल तर खोक्यात एक चिंचोका टाकतं. ‘म’ आणि ‘ऊ’ ऐकले पण ‘स’ आणि ‘श’ सुटले, तर उंच पट्टीचे आवाज पोचत नाहीत. सेल उतरला असेल, नळी तुंबली असेल, किंवा जुळवणी बदलायला हवी. काहीच ऐकलं नाही तर यंत्रच बंद. आधी हातभरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. एक मिनिटाचं काम. रोज सकाळी ते झालं आणि अंगणवाडी सेविकेच्या वहीत टिपलं गेलं, तर धारवाडच्या तज्ज्ञाला फोनवर नेमकं काय बिघडलं हे कळतं. रेंज असेल त्या दिवशी, हेही खरं. दूरस्थ उपचाराचं कोविडनंतर फार कौतुक झालं. माझ्या मते तो पाठपुराव्याला उत्तम आणि पहिल्या निदानाला अपुरा. कानात मळ आहे की कान वाहतोय, हे कॅमेऱ्यातून अंदाजाने ठरवू नये. या भागात कान वाहणं हे मुलांच्या कमी ऐकण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि कोमट तेल ओतणं हा त्यावरचा घरचा उपाय अजून सुटलेला नाही.

भाषेचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. तज्ज्ञ ज्या चाचण्यांनी मुलाची भाषा मोजतो, त्या कुठल्या तरी शहरातल्या, कुठल्या तरी प्रमाण बोलीच्या मुलांवर बेतलेल्या असतात. म्हैसूरला कन्नडसाठी चांगलं काम झालं, मुंबई-पुण्यात मराठीसाठी. इंग्रजी उच्चार-चाचण्या जशाच्या तशा घेतल्या तर त्यांत ळ नाही, ण नाही, ख-घ-छ-झ हे महाप्राण नाहीत आणि ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला च वेगळा हेही नाही. हे आता बहुतेकांना समजलं आहे. पण गवळी-वाड्यातल्या मुलासमोर पुण्याच्या मुलांसाठी काढलेल्या चित्रांचा संच ठेवला आणि त्याने वस्तूचं नाव आपल्या बोलीतलं सांगितलं, तर गुण कापायचे का? कुणब्यांच्या घरचं मूल कोंकणीत बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, बाजारात मराठी ऐकतं. त्याचं बोलणं वेगळं वाटलं तर तो दोष आहे की तीन भाषांची साहजिक सरमिसळ, हे ठरवायला तज्ज्ञाला घरातली भाषा थोडी तरी कळायला हवी. आणि इथे एक जुना सल्ला अजून दिला जातो, तो ताबडतोब थांबायला हवा: घरात एकच भाषा बोला, तीही शाळेची. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, हे संशोधनाने पुरेसं स्पष्ट झालं आहे. ज्या भाषेत आई रागावते, अंगाई म्हणते, ती तिने मोडक्या कन्नडसाठी सोडली तर मुलाला भाषेचा जो एकमेव भरपूर साठा मिळत होता तोही आटतो.

मग शिक्षण कसं हवं? आजची पदवी चार वर्षांची आहे: तीन वर्षं वर्गात आणि शेवटचं इंटर्नशिपचं. पदवीला श्रवण आणि वाचा एकत्र आणि पुढे एम.एस्सी.ला दोन वाटा. अमेरिकेत दोन्ही पेशे पूर्ण वेगळे झाले आणि श्रवणतज्ज्ञाला डॉक्टरेट लागते. आपल्याकडेही पदवीपासूनच फाळणी करावी असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. जोयड्यात एकच माणूस जाणार असेल तर त्याला बाळाचा कानही तपासता आला पाहिजे आणि अर्धांग झालेल्या आजोबांना घास कसा द्यायचा हेही सांगता आलं पाहिजे. बदल हवा तो इंटर्नशिपच्या वर्षात. ते वर्ष आज बहुतेक संस्थेच्या स्वतःच्या इमारतीत किंवा मोठ्या रुग्णालयात जातं, आवाजबंद खोली आणि महागड्या यंत्रांच्या सोबतीने. म्हैसूरच्या संस्थेने शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागरसारख्या ठिकाणी सेवा केंद्रं उघडून वाट दाखवली आहे. धारवाड, बेळगाव, हुबळीकडच्या विद्यार्थ्यांनी या वर्षातले दोन-तीन महिने जोयडा, हल्याळ, दांडेलीत काढले, अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याबरोबर फिरले, तर पंख्याच्या आणि पावसाच्या आवाजात ऐकणं कसं तपासायचं हे त्यांना कळेल. दांडेलीसारख्या कारखान्यांच्या गावात मोठ्या आवाजाने कान जाणं म्हणजे काय, हेही प्रत्यक्ष दिसेल. त्याच वर्षात प्रत्येकाने आपल्या भागातल्या बोलीतल्या शंभरेक मुलांचे शब्द नोंदवले, तर काही वर्षांत चाचण्यांची उणीव भरायला सुरुवात होईल.

आणखी एक विषय अभ्यासक्रमात फार पातळ आहे: खुणांची भाषा. या पेशाची जडणघडण मुलाला तोंडाने बोलतं करण्याच्या ध्येयावर झाली. 1880 च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला, त्याची सावली आपल्याही मूकबधिर शाळांवर शंभर वर्षं राहिली. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन झालं, कोश निघाला. ज्या मुलाला पहिल्या वर्षात यंत्र मिळालं, त्याच्यासाठी बोलण्याचा आग्रह योग्यच. पण रानातल्या वाडीवरचं मूल आठव्या-नवव्या वर्षी पहिल्यांदा तज्ज्ञासमोर येतं तेव्हा त्याच्याजवळ कुठलीच भाषा नसते, घरच्यांनी आपसात ठरवलेल्या पाच-पन्नास खुणा सोडून. त्याला फक्त ‘आ कर, ई कर’ शिकवत बसणं म्हणजे त्याची उरलेली वर्षंही वाया घालवणं. त्याला आणि त्याच्या आईला, भावंडांना एकत्र बसवून खुणांची भाषा सुरू करून देईल, शाळेत तिची सोय करायला भांडेल असा तज्ज्ञ हवा. त्यासाठी त्याला स्वतःला ती वापरता यायला हवी. चार वर्षांच्या पदवीत तेवढे तास काढता येतील. शिकवायला बहिरे शिक्षक नेमले तर त्यांनाही या पेशात पहिल्यांदा हक्काची नोकरी मिळेल.